हिरवा चष्मा आणि हिरवी चेटकीण

१/
‘विकेड’ या संगीत चित्रपटाचे दोन भाग नोव्हेंबर २०२४ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाले. ‘द विझर्ड ऑफ ओझ’मधील दुष्ट चेटकिणीची कथा ते तिच्या बाजूने सांगतात. पण खलपात्राची बाजू ऐकणे आणि त्याला निर्दोष ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने हे अंतर का जपावे, याविषयी हा थ्रेड. (पुढे कथानकाचा उलगडा आहे.)

२/
आरंभ रंगापासून. एल. फ्रँक बॉम यांची मूळ कादंबरी १९०० साली शिकागोत प्रसिद्ध झाली. तीत पश्चिमेची चेटकीण एकाक्ष आहे आणि तिच्या हाती छत्री आहे. तिची कातडी हिरवी असल्याचा उल्लेख नाही. हिरवी आहे ती ओझची राजधानी, पाचूनगरी. पण तेही खरे नव्हे. जादूगाराच्या आज्ञेने नगरीत प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवला जातो आणि त्याला कुलूप घातले जाते. शहर इतर शहरांसारखेच असते. रंग काचेचा असतो.

३/
१९३९ साली एमजीएमचा चित्रपट आला. टेक्निकलरची नवलाई होती. कादंबरीतले चंदेरी जोडे माणकांचे झाले, चष्मे गळाले आणि चेटकीण हिरवी झाली. ती भूमिका करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन पूर्वाश्रमीच्या बालवाडी शिक्षिका. डिसेंबर १९३८ मध्ये चित्रीकरणादरम्यान आगीत त्यांचा चेहरा आणि हात भाजला. त्यांच्या हिरव्या रंगलेपात तांबे होते. कित्येक आठवडे त्या कामावर परतू शकल्या नाहीत.

४/
यामागे कोणाचा कट नव्हता. पडद्याला रंग हवा होता, इतकेच. परिणाम मात्र दूरगामी झाला. मूळ कथेत जो हिरवा रंग सत्ताधाऱ्याच्या लबाडीचा होता, तो त्याच्या शत्रूच्या कातडीला चिकटला. पुढच्या पिढ्यांना चष्म्याचा विसर पडला आणि हिरवी चेटकीण तेवढी स्मरणात राहिली.

५/
ग्रेगरी मॅग्वायर यांनी १९९५ साली ‘विकेड’ ही कादंबरी लिहिली आणि चेटकिणीला एल्फाबा हे नाव दिले. बॉम यांच्या नावाच्या एल, एफ, बी या आद्याक्षरांवरून ते घडवले होते. १९९१च्या आखाती युद्धाच्या वेळी मॅग्वायर लंडनमध्ये होते. सद्दाम हुसेनची तुलना हिटलरशी करणारा एक मथळा वाचून आपलेच मत किती झटकन फिरले, हे त्यांनी स्वतःविषयी नोंदवले आहे. कादंबरीचे बीज त्या अस्वस्थतेत आहे. २००३ साली ती ब्रॉडवेच्या रंगमंचावर संगीत नाटक होऊन आली. चित्रपट त्या नाटकावर बेतला आहे.

६/
चित्रपटाचे बलस्थान कोणते? शत्रू कसा घडवला जातो, याचे नेमके चित्रण. ओझमध्ये बोलणाऱ्या प्राण्यांची वाचा हिरावली जात आहे. विद्यापीठातील डॉ. डिलमंड हे बोकड प्राध्यापक पदावरून दूर केले जातात आणि त्यांचा विषय असतो इतिहास. हा योगायोग नव्हे. गतकाळात प्राणी कसे राहत होते, हे सांगणारा माणूस (येथे बोकड!) आधी गप्प करावा लागतो.

७/
पुढे जादूगाराला जादू येतच नाही, हे एल्फाबाला कळते. ती साथ नाकारते. लगेच मादाम मॉरिबल ‘ध’चा ‘मा’ करतात: नकार हा द्रोह ठरतो आणि हिरवी कातडी दुष्टपणाची खूण ठरते. विशेष म्हणजे एल्फाबाचे म्हणणे कोणी खोडून काढत नाही, कारण ते कोणाच्या कानी पोहोचतच नाही. प्रचाराची ही रीत इतिहासाच्या विद्यार्थ्याला परकी वाटू नये.

८/
आता उणीव. मॅग्वायर यांची एल्फाबा गुप्त सशस्त्र चळवळीत सामील होते, मॉरिबलची हत्या करायला निघते, आपल्या मुलाकडे दुर्लक्ष करते आणि अखेरीस मरते. नाटकातली व चित्रपटातली एल्फाबा मात्र जवळजवळ निष्कलंक आहे. माकडांना पंख फुटतात ते फसवणुकीमुळे. बॉक पत्र्याचा होतो आणि फियेरो बुजगावणे होतो, तेही तिने त्यांचे प्राण वाचवताना. शेवटी ती जिवंतही राहते. प्रत्येक डाग धुऊन काढलेला आहे.

९/
रंजन म्हणून हे ठीक. पण यातून नकळत एक घातक अट रुजते: न्याय्य सुनावणी हवी असेल तर आधी निरागस असले पाहिजे. इतिहासात असे निरागस लोक फार थोडे सापडतात. ज्याने खरोखर अपराध केला, त्याच्यावर खोटे आरोप लादले गेले असतील तर तेही तपासावेच लागतात.

१०/
खुद्द बॉम यांचे उदाहरण पाहा. १८९०च्या डिसेंबरात सिटिंग बुल मारले गेले आणि त्याच महिन्यात वूंडेड नी येथे लाकोटांचे हत्याकांड झाले. तेव्हा दक्षिण डकोटातील ॲबरडीन येथे बॉम साप्ताहिक चालवत होते. दोन संपादकीयांतून त्यांनी उरलेल्या मूलनिवासींचा समूळ नाश करावा असे लिहिले. २००६ साली त्यांच्या वंशजांनी याबद्दल क्षमा मागितली. मुलांना लळा लावणारी परीकथा आणि ही संपादकीये यांचा लेखक एकच. कोणतेही एक पान फाडून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

११/
त्यांच्याच सासूबाई मटिल्डा जोसलिन गेज. स्त्री-मताधिकाराच्या खंद्या पुरस्कर्त्या. १८९३ साली मोहॉक लोकांनी त्यांना आपल्या लांडगा कुळात सामावून घेतले. त्याच वर्षीच्या ग्रंथात त्यांनी चेटकीण ठरवून मारलेल्या स्त्रियांची बाजू मांडली. कार्य मोलाचे, पण बळींची जी नव्वद लाख ही संख्या त्यांनी दिली ती चुकीची होती. आजचे अभ्यासक युरोपातील बळी सुमारे ४० ते ६० हजार मानतात. अन्याय सिद्ध करायला तेवढेही पुरेसे होते. कणव असली तरी मोजणी चुकवून चालत नाही.

१२/
म्हणून ‘विकेड’ अवश्य पाहावा. तो प्रश्न योग्य विचारतो. फक्त उत्तर म्हणून तो एक सुंदर, निष्पाप नायिका पुढे करतो, तिथे सावध राहावे. खलनायकाची खुर्ची रिकामी करून तीत जादूगाराला बसवले म्हणजे इतिहास झाला असे नव्हे. बॉम यांच्या पाचूनगरीत चष्म्याला कुलूप होते आणि किल्ली रखवालदाराच्या गळ्यात होती. अभ्यासकाने ती किल्ली मागावी. दुसऱ्या रंगाचा चष्मा मागू नये.