पुण्याचं मीटर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे नंतर भांडण नको. रिक्षातून भारत पालथा घालायला माझा काडीचाही विरोध नाही. ज्याला हौस आहे त्याने खुशाल जावं. रिक्षाच काय, बैलगाडीतून जा, रोडरोलरवरून जा. माझा आक्षेप आहे तो त्या रिक्षाच्या मागे चिकटवलेल्या "चॅरिटीसाठी" या स्टिकरला.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडव्हेंचरिस्ट्स नावाची एक ब्रिटिश मंडळी आहे. २००४ पासून ते जुन्या, खटारा गाड्यांतून मंगोलियापर्यंत जाण्याची 'मंगोल रॅली' भरवू लागले. २००६ मध्ये त्यांची नजर आपल्या रिक्षावर पडली आणि 'रिक्षा रन' सुरू झाली. दोन-तीन जणांची टीम, एक रंगवलेली रिक्षा, हातात साधारण दोन आठवडे. सुरुवात कोचीला आणि शेवट शिलाँगला, किंवा जैसलमेरहून निघून कोची, असं काहीतरी. ठरलेला रस्ता नाही, मागून येणारी मदतीची गाडी नाही, बंद पडलात तर तुमचं तुम्ही बघा. आणि प्रत्येक टीमने किमान हजार पौंड समाजकार्यासाठी जमवायचे. चेन्नईहूनही २००६ पासूनच असाच एक वेगळा 'रिक्षा चॅलेंज' निघायला लागला.

यावर आपल्याकडची नेहमीची प्रतिक्रिया असते ती अशी : "हे गोरे येतात आणि आपल्या गरिबीची मजा बघतात." मला ही प्रतिक्रिया अजिबात पटत नाही. रिक्षा म्हणजे गरिबी हे समीकरण कुणी मांडलं? उलट माणसाने माणसाला ओढायचं, हा प्रकार बंद व्हावा म्हणून आपल्या न. के. फिरोदियांनी ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला होता. मूळ बेत इटालियन. व्हेस्पाच्याच डोक्यातून, म्हणजे कोराडिनो डास्कानिओच्या डोक्यातून निघालेली १९४८ ची 'आपे'. पण आपण ती इतकी आपलीशी केली की आज वाळूजला बनलेली बजाजची रिक्षा आफ्रिकेतल्या शहरांत पळते. इंजिनियर म्हणून मला तरी त्या तीन चाकी डब्याबद्दल आदरच आहे. कमीत कमी पत्रा, कमीत कमी इंधन, टाचेवर फिरावी तशी वळते, आणि बिघडली तर कोपऱ्यावरचा पोरगा पान्ह्याने दुरुस्त करतो. आपण लिहिलेल्या किती सॉफ्टवेअरबद्दल असं म्हणता येईल? असो.

पण हीच रिक्षा त्या सहलीत कशासाठी घेतात, ते बघा. ती या प्रवासाला सर्वांत अयोग्य म्हणून! विनोद तोच आहे. आयोजक तो लपवतही नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा. सात अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या ॲक्टिव्हापेक्षाही कमीच. त्यावर तीन माणसं, सामान, आणि समोर घाट. दुसरं म्हणजे पुढे एक चाक, मागे दोन. वळणावर असताना ब्रेक मारला की वजन पुढे येतं, आणि पुढे आधाराला एकच चाक. चाकांच्या त्रिकोणाबाहेर तोल गेला की रिक्षा आडवी. हे गणित आपल्या रिक्षावाल्याने कागदावर कधी केलेलं नसतं, ते त्याच्या मनगटात असतं, वर्षानुवर्षं. सहलीला आलेल्या पाहुण्याला ते एक-दोन दिवसांच्या सरावात शिकायचं असतं. आणि मग थेट नॅशनल हायवे.

आता माझा पहिला खरा मुद्दा. "आम्ही जीव धोक्यात घालतोय, म्हणून पैसे द्या" हे या सगळ्या मामल्याचं मूळ आहे. जिवाला धोका आहे हे जाणाऱ्याने मान्य केलेलं असतं, कागदावर सही केलेली असते. ठीक. पण हायवेच्या कडेने सायकलवर दूध घेऊन जाणाऱ्याने कुठे सही केलीय? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारे. म्हणजे मरणाऱ्यांत दर तिघांमागे जवळपास दोघे असे, ज्यांच्याभोवती पत्र्याचा डबाही नव्हता. अशा रस्त्यावर एक नवशिका चालक, अस्थिर वाहन घेऊन, थकलेला, उशीर झालेला, मुक्कामाला पोहोचायच्या घाईत. हे साहस त्याचं एकट्याचं राहत नाही. ज्या गावांतून तो जातो, त्या गावांना तो आपल्या साहसात न विचारता भागीदार करून घेतो. आणि वर "चांगल्या कामासाठी" म्हटलं की कुणी तोंड उघडायचं नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. तिघांनी लंडनहून कोचीला यायचं आणि शिलाँगहून परत जायचं, तर नुसत्या विमानाचंच भाडं किती होतं ते तुम्हीच कुठल्याही साइटवर जाऊन बघा. त्यात आयोजकांची फी, व्हिसा, हॉटेलं, पेट्रोल मिळवा, आणि शेजारी ते हजार पौंड ठेवा.

इथे माझा एक मित्र मला नेहमी अडवतो. म्हणतो, "अरे, तो खर्च ते स्वतःच्या खिशातून करतात. सहल नसती तर ते पैसे चॅरिटीला थोडेच गेले असते? उलट सहलीमुळे निदान हजार पौंड तरी जमले." मुद्दा बरोबर आहे आणि मला तो मान्य आहे. नुसतं बेरीज-वजाबाकीचं बघितलं तर जगाचा फायदाच झाला. पण मग वर्गणी देणाऱ्याने नक्की कशाला पैसे दिले, हा प्रश्न उरतोच ना? मॅंचेस्टरमधल्या कुणा काकूने वीस पौंड दिले ते भाच्याच्या धाडसाचं कौतुक म्हणून. ॲडव्हेंचरिस्ट्सची मुख्य संस्था बरीच वर्षं 'कूल अर्थ' होती. ही संस्था वर्षावनं वाचवायला तिथेच राहणाऱ्या लोकांना मदत करते. काम उत्तम आहे. पण पेरूतलं जंगल आणि बिहारमध्ये क्लच केबल तुटलेली रिक्षा यांचा संबंध काय? काकूला जंगलाबद्दल काय कळलं? काही नाही. तिला भाच्याचे फोटो मिळाले. आणि ज्या रिक्षाच्या जिवावर हे सगळं चाललंय, ती चालवून पोट भरणारा माणूस या गोष्टीत कुठेच नाही. हप्ते, परमिट, पासिंग, सीएनजीची रांग, पन्नाशीत गेलेली कंबर, यातलं काही त्या फोटोत येत नाही. रिक्षा म्हणजे फोटोमागचा पडदा.

इथपर्यंत वाचून तुम्ही मान डोलावत असाल तर जरा थांबा मंडळी. कारण ही गोऱ्यांची तक्रार म्हणून मी लिहायला बसलेलोच नाही. हे आता आपल्या ऑफिसात आलंय.

दर हिवाळ्यात मेल येतो. "फ्रेंड्स, आम्ही दहा जण पुणे ते गोवा सायकलने जातोय, फॉर अ कॉज!" किंवा लेहला बाइकवरून. किंवा मॅरेथॉन, मुंबईची २००४ मध्ये सुरू झाल्यापासून तर धावणं आणि देणगी यांचं लग्नच लागलंय. (धावणाऱ्यांनी चिडू नये, मॅरेथॉनमध्ये निदान रस्ता बंद ठेवलेला असतो आणि धावणारा स्वतःशिवाय कुणाला धडकत नाही.) माझ्या ओळखीतल्या एका कंपनीच्या चमूने असाच एक प्रवास केला, एका खेड्यातल्या शाळेसाठी. छापील जर्सी, मागे टेंपो, टेंपोत केळी आणि इलेक्ट्रॉल, वर ड्रोन. शेवटी शाळेला गेले ते दोन संगणक. तेही ऑफिसातून बाद झालेले. शाळेत वीज दिवसातून किती तास असते हे कुणी विचारलं नव्हतं. व्हिडिओ मात्र फार सुंदर झाला होता, मागे गाणंही छान होतं.

गंमत म्हणजे हे सरकारच्याही लक्षात आलं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, ते एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आणि लगेच जून २०१४ मध्ये मंत्रालयाला एक परिपत्रक काढावं लागलं, की मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे सोहळे यात धरले जाणार नाहीत. म्हणजे दोन-तीन महिन्यांत आपल्या हुशार लोकांनी काय काय डोकं लढवलं असेल, विचार करा.

माझं म्हणणं असं आहे की "कॉज" हा आपण स्वतःला दिलेला परवाना झालाय. नुसतं "मला आठवडाभर सुट्टी पाहिजे, गोव्याला सायकलने जायचंय" म्हणायला आपल्याला लाज वाटते. आपल्या मध्यमवर्गीय डोक्यात मौज म्हणजे उधळपट्टी, हे इतकं घट्ट बसलंय की पस्तीस लाखांचं पॅकेज आलं तरी निघत नाही. मग मौजेला पुण्याची फोडणी द्यायची. आणि एकदा ती दिली की बॉसला सुट्टी नाकारता येत नाही, बायकोला रागावता येत नाही, आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या नव्या पोराला पाचशे रुपये दिल्याशिवाय सुटका नाही. त्या पोराचा पहिला पगार अजून जमा व्हायचा असतो, पण यादीत सगळ्यांची नावं आणि आकडे दिसतात ना!

प्रवास आणि समाजकार्य यांची सांगड बसूच शकत नाही, असं मी म्हणत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' काढलं, शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर. बाबांना मणक्याच्या दुखण्याने बसवत नव्हतं, ते गाडीत आडवे पडून गेले. पण तिथे जाणं हेच काम होतं. आदल्या वर्षी दिल्लीत काय झालं होतं ते आठवा, पंजाब पेटलेला होता. माणसांना भेटायचं होतं, बोलायचं होतं, आणि त्यासाठी गावोगाव जाण्याला दुसरा पर्याय नव्हता.

किंवा तीनचाकीचंच उदाहरण हवं असेल तर अंतोनिया बोलिंगब्रोक-केंट आणि जो हक्स्टर. २००६ मध्ये या दोघी मैत्रिणी बँकॉकहून इंग्लंडमधल्या ब्रायटनपर्यंत टुकटुक चालवत गेल्या आणि 'माइंड' या मानसिक आरोग्याच्या संस्थेसाठी पन्नास हजार पौंड उभे केले. जो स्वतः मानसिक आजारातून गेलेली होती आणि ते ती उघडपणे सांगत होती. तिथे वर्गणी देणाऱ्याला आजाराबद्दल ऐकावंच लागलं. २०१६ मध्ये नवीन राबेली या इंजिनियरने सौर ऊर्जेवर चालणारी रिक्षा बंगळुरूहून निघून लंडनला नेली. त्याला सौर ऊर्जेबद्दल बोलायचं होतं, आणि ती रिक्षाच त्याचं बोलणं होती. गाडी काढून घेतली तर मागे काही उरत नाही, इतकं दोन्ही एकजीव.

मी मेल आल्यावर हीच चाचणी लावतो. प्रवास काढून टाका. काम तसंच्या तसं उरतंय का? उरत असेल तर पैसे सरळ संस्थेच्या खात्यावर भरा, मी पण भरतो, आणि तुम्ही मजेत फिरून या, येताना काजू आणा. गेल्या डिसेंबरात एका टीमला मी असंच उत्तर पाठवलं. दोघांनी मला "निगेटिव्ह" म्हटलं, एकाने संस्थेचा खाते क्रमांक पाठवला. त्या एकाला मी पैसे भरल्याची पावती पाठवली, आणि यादीत नाव नको म्हणून सांगितलं.

आता ऐकतोय की आमच्यातलेच तिघं पुढच्या वर्षी खरीखुरी रिक्षा काढणार आहेत, पुण्याहून ईशान्येकडे. जाणारच असाल तर बाबांनो, आधी महिनाभर इथल्या एखाद्या रिक्षावाल्याकडे शिका, आणि त्याचा दिवसाचा धंदा बुडेल त्याचे पैसे त्याला द्या. दोन जादा क्लच केबल आणि एक जादा प्लग बरोबर ठेवा. वळणाच्या आधी ब्रेक मारा, वळणावर नाही. आणि अंधार पडल्यावर हायवेवर चालवू नका, कितीही उशीर झाला तरी.