रिंकच्या नावाने गळा काढण्याआधी

आमच्या धर्मग्रामाची महोत्सवी स्मरणिका नुकतीच हाती आली. छपाई सुबक, छायाचित्रे रंगीत, जाहिराती भरपूर. आठवणींच्या विभागात सात लेख आहेत आणि त्यांपैकी पाच लेखांत शाळेमागच्या स्केटिंग रिंकसाठी अश्रू ढाळलेले आहेत. काळाच्या ओघात रिंक नाहीशी झाली, असे एक जण लिहितो. विकासाने तिचा घास घेतला, असे दुसरा लिहितो. आम्ही हे पाचही लेख एका बैठकीत वाचले आणि खरे सांगायचे तर आम्हांला गहिवर आला नाही, राग आला. त्या रागाचे कारण सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

1999 साली आम्ही याच धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून आलो, तेव्हा रिंक चालू होती. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद अशी घोटीव सिमेंटची फरशी, भोवती लोखंडी नळांचा कठडा आणि कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, एवढाच तो पसारा. खोलीत चाळीसएक जोड टांगलेले असत. चार चाकांचे, चावीने लांबी कमीजास्त करायचे, बुटांवर चामडी पट्ट्याने आवळायचे. ज्यांच्यापाशी बूट नसत ती मुले थोरल्या भावाच्या बुटांत कापडाचे बोळे कोंबून येत. एकच जोड दोघांनी वाटून घेतलेला, उजव्या पायाचा एकाला आणि डाव्या पायाचा दुसऱ्याला, हेही आम्ही पाहिले आहे. शनिवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की चाकांची घरघर सुरू होई, ती सायंकाळच्या प्रार्थनेची घंटा वाजेपर्यंत थांबत नसे. मुलीने वेगाने धावावे, पडावे आणि मोठ्याने हसावे हे ज्या थोड्या जागी गावाला खटकत नसे, त्यांपैकी ती एक जागा होती.

स्मरणिकेत हे सारे आले आहे, आणि ते खरेच आहे. पण पाचांपैकी एकाही लेखात कठड्याबाहेर उभी राहणारी मुले नाहीत. वाड्यांवर मजुरीला येणाऱ्या आदिवासी कुटुंबांची ती मुले नळांना धरून तासन्‌तास आत पाहत असत. जोडाचे भाडे दोन रुपये होते, ते त्यांच्यापाशी नव्हते. आणि असते तरी दाराशी ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी होती. ती पाटी कोणा परक्याने लावलेली नव्हती. ती चर्चने, म्हणजे आम्ही धर्मगुरूंनी आणि आमच्या परिषदेने लावली होती. स्मृतीला गोड तेवढेच आठवते. बाकीचे ती कठड्याबाहेर ठेवते.

रिंकचा इतिहासही असाच दुपदरी आहे. शरीराचा तोल ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला चाके वळावीत, अशी रचना जेम्स प्लिम्प्टन या अमेरिकन गृहस्थाने 1863 साली न्यूयॉर्कमध्ये शोधून काढली. तोवर चाकांच्या बुटांवर सरळ जाता येई, पण सफाईने वळणे कठीण असे. प्लिम्प्टनने 1866 साली न्यूपोर्ट येथील एका हॉटेलच्या भोजनगृहाची रिंक केली, परंतु सुशिक्षित आणि प्रतिष्ठित वर्गानेच तेथे यावे अशी त्याची इच्छा होती. पुढे अमेरिकेत गावोगावी रिंका झाल्या आणि अनेक ठिकाणी काळ्या माणसांना त्यांत प्रवेश नव्हता. शिकागोच्या ‘व्हाइट सिटी’ रिंकसमोर 1946 साली लोकांनी निदर्शने केली, तेव्हा कोठे तिचे दार सर्वांसाठी उघडले. चाके वळवणे एका माणसाला जमले. दार उघडायला ऐंशी वर्षे आणि पुष्कळ माणसे लागली. आमची पाटी तर कोणी निदर्शने करण्याआधीच गेली, कारण पाटीसकट रिंकच गेली.

ती कशी गेली, हे आता स्पष्ट सांगितले पाहिजे. काळाने ती नेली नाही. प्रथम लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या तेथे लावू द्याव्यात, अशी विनंती आली. मग मांडवाचे खांब रोवण्यासाठी फरशीला भोके पाडण्यात आली. भोकांत चाक अडकून एका मुलाचा हात मोडला, तेव्हा भोके बुजवण्याऐवजी रिंक धोक्याची ठरवण्यात आली. 2004 साली सभा भरली. मुलांना आता तिची गोडी राहिलेली नाही असे कोणी म्हणाले, जागा वाया जाते असे कोणी म्हणाले, आणि हात वर झाले. काळ त्या सभेला हजर नव्हता; आपण होतो. स्मरणिकेत अश्रू ढाळणाऱ्या पाचांपैकी तिघांचे हात आम्ही वर झालेले पाहिले. आम्ही स्वतः भिंतीला टेकून उभे होतो. आम्हांला ते पटत नव्हते, तरी आम्ही एक शब्दही बोललो नाही. वडीलधाऱ्यांपुढे सहायकाने बोलू नये, अशी सबब आम्ही मनाशी केली होती. तेव्हा हा राग इतरांवर जेवढा आहे तेवढाच स्वतःवरही आहे.

आज त्या जागी सिमेंटच्या ठोकळ्यांचे वाहनतळ आहे. उरली आहे ती त्यापलीकडची मोकळी जमीन. तीवर वातानुकूलित सभागृह बांधावे, असा प्रस्ताव परिषदेपुढे आला आहे. प्रस्तावामागचे हेतू वाईट नाहीत. सध्याच्या हॉलच्या भाड्यातून कित्येक गरीब मुलांची फी भरली जाते. हिशेब आम्हीच पाहतो, त्यामुळे हे आम्ही नाकारणार नाही. पण लग्नसराई सोडली तर तोच हॉल वर्षातले बहुतेक दिवस कुलपात असतो, हेही त्याच वहीत दिसते. दुसऱ्या कुलपासाठी शेवटचे मैदान द्यायचे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणतील, स्केटिंगचे वर्ग आता शहरात आहेतच. ज्याला हौस असेल त्याने तेथे जावे. वर्ग आहेत, आणि ते चांगले आहेत. 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी स्केटिंगच्या रिले शर्यतीत कांस्यपदके मिळवली, याचा आम्हांलाही अभिमान वाटतो. परंतु वर्गाला फी असते, ठरलेली वेळ असते आणि पोरांना नेण्याआणण्यासाठी वाहन असावे लागते. गावच्या रिंकला यांपैकी काही लागत नव्हते. पदक मिळवण्यासाठी तेथे कोणी येत नसे. मूल तेथे काही विकत न घेता, परीक्षा न देता चार घटका इतर मुलांबरोबर असे. आज तेच मूल हातात मोबाइल घेऊन घराच्या कोपऱ्यात बसले की आपण त्याला दोष देतो. त्याने जावे तरी कोठे, हे मात्र सांगत नाही.

खेळ म्हणजे धर्माच्या कामातला अडथळा, असे मानणारे भाविकही आम्हांला भेटतात. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. त्यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात प्रेषित योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहानाला शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोकांना धक्का बसला. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले. त्याने अनेक बाण सोडले, तेव्हा योहानाने विचारले, असेच सतत सोडत राहशील काय? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. स्वतः न हसणे आणि दुसऱ्याच्या आनंदात मोडता घालणे याला अक्वायनस सद्गुण म्हणत नाहीत. ते त्याला दोषच म्हणतात.

आणि संत जॉन बॉस्को? त्यांची तसबीर आपल्या शाळेच्या प्रवेशदारी लावलेली आहे. 1846 साली तुरीन शहरात या तरुण धर्मगुरूपाशी शेकडो मुले होती, पण जागा नव्हती. गोंगाट होतो म्हणून एका ठिकाणाहून, अडचण होते म्हणून दुसऱ्या ठिकाणाहून त्यांना हाकलण्यात आले. शेवटी एक कुरण भाड्याने मिळाले, तर मुलांच्या पायांखाली गवताची मुळेसुद्धा मरतात म्हणून मालकांनी तेही रिकामे करायला सांगितले. त्या वर्षी पुनरुत्थानाच्या रविवारी, 12 एप्रिलला, पिनार्दी नावाच्या माणसाच्या ठेंगण्या छपरीत त्यांना आसरा मिळाला, आणि त्या छपरीतून सालेशियन संघाचे जगभरचे कार्य उभे राहिले. दारी तसबीर लावायची आणि मागच्या बाजूने कुरणाच्या मालकांचा कित्ता गिरवायचा, हे आपल्याला शोभत नाही. खेळ सर्वांच्या आवाक्यात असावा, असे व्हॅटिकनने 2018 साली खेळाविषयी काढलेल्या दस्तऐवजातही म्हटले आहे. आणि जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा उभ्या राहिलेल्या यरुशलेमचे चित्र रंगवले, तेव्हा त्यात काठी टेकणारे म्हातारे आहेत आणि रस्त्यांवर खेळणारी मुले-मुली आहेत.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्रामाची सभा आहे. तेथे आम्ही आपले मत उघड मांडणार आहोत: मोकळी जमीन मोकळी राहावी, तिच्या एका कोपऱ्यात साठ बाय चाळीसची फरशी पुन्हा घोटावी, भाडे नसावे, पाटी नसावी, आणि वाडीवरच्या मुलांनी कठड्याच्या आत असावे. आमचे म्हणणे सभेला पटले नाही तर तिचा निर्णय आम्ही मान्य करू. पण मग पुढच्या स्मरणिकेत कोणी मैदानाच्या आठवणी लिहून पाठवू नयेत. धर्मग्रामाचा प्रमुख म्हणून आम्ही त्या छापू देणार नाही.

फरशीच्या खर्चासाठी वर्गणीची वही कचेरीत ठेवली आहे. स्मरणिकेतील पाचही लेखकांना आम्ही ती स्वतः नेऊन दाखवणार आहोत. पहिल्या ओळीवर आमचे नाव आहे, कारण 2004 साली गप्प बसल्याचा हिशेब आमच्याकडेच बाकी आहे.