ड्राफ्ट मी काढले, पण खोली पाहिली नाही



कतारगामात येऊन मला चाळीस वर्षं झाली. नोकरीत असताना पगाराच्या दिवसांत काउंटरला ओडिया कारीगरांची रांग लागायची. सगळे ड्राफ्ट गंजाम जिल्ह्याचे. नाव, रक्कम, सही, चला पुढचा! हा माणूस रात्री झोपतो कुठे, हे मी एकदाही विचारलं नाही.

ते कळलं रिटायर झाल्यावर, मोबाईलवर. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या वेबसाइटवर आपल्याच वेड रोडच्या लूम कामगारांबद्दल वाचलं. बारा तासांची पाळी. एक उठून खात्यावर गेला की त्याच जागेवर दुसरा येऊन आडवा होतो. मेसची खोली दिवसरात्र भरलेली. माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर!

फॅमिली ग्रुपवर टाकलं, तर मुलगा म्हणाला, "बाबा, हे डावे लोक. यांना सगळीकडे वाईटच दिसतं."

मी कॉमर्सचा माणूस. आधी जमाखर्च बघतो. पेपर आपल्याला स्वस्तात मिळतो, कारण खरा खर्च साड्यांच्या आणि फ्लॅटच्या जाहिरातींतून निघतो. लूम कामगार फ्लॅट घेत नाही, मग त्याची बातमी येते ती आग लागली किंवा संप झाला की. जिथे जाहिरात नाही, त्यांचं लक्ष तिकडे जातं.

मुलाचं सगळंच चूक नाही. उधारीवर सूत आणून जॉबवर कापड विणणारे छोटे कारखानदार मी जवळून पाहिलेत. पार्टीचं पेमेंट अडकलं की त्यांचीही झोप उडते. डाव्या लिखाणात ते बहुतेक वेळा नुसते ‘मालक’ असतात. हे खटकतं.

पण खटकलं तर उत्तर लिहावं, तोंड बंद करू नये. ‘न्यूजक्लिक’चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना ३ ऑक्टोबर २०२३ ला अटक झाली. अटकेची कारणं लेखी दिली नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टाने १५ मे २०२४ ला ती अटकच बेकायदा ठरवली. खटल्याचं काय व्हायचं ते होवो. मधले सात महिने कोण परत देणार?

म्हणून म्हणतो, आधी वाचा, मग खुशाल भांडा. आणि पटलं तर पेपरच्या बिलाइतके पैसे तिकडेही पाठवा. फुकटात कोणीच फार दिवस खरं लिहू शकत नाही.

आपल्यातले बरेच जण बँकेत, पोस्टात, शाळेत होते. तुमच्या काउंटरपलीकडे कोण उभं असायचं? आठवलं तर खाली जरूर लिहा.