माणसे फार झाली म्हणून दुष्काळ पडले?

१/ 'लोकसंख्या अफाट होती, म्हणून ब्रिटिश काळात लाखो माणसे भुकेने मेली' हे विधान आजही बिनदिक्कत केले जाते. ते असत्य आहे, आणि ते कोणाच्या सोयीचे होते हेही स्पष्ट आहे.

२/ अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, हा थॉमस माल्थसचा १७९८ चा सिद्धांत. १८०५ पासून १८३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो इंग्लंडमधील हेलिबरी येथे प्राध्यापक होता. ईस्ट इंडिया कंपनीचे भावी अधिकारी तेथेच घडत.

३/ १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. धान्याची निर्यात मात्र थांबली नाही. मदतकामावरील पुरुषाची रोजची मजुरी रिचर्ड टेंपलने सुमारे अर्धा किलो धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. व्हाइसरॉय लिटनने दोष ठेवला तो लोकसंख्यावाढीवर!

४/ आता जनगणना पाहावी. आजच्या भारताच्या हद्दीत १९११ साली २५.२१ कोटी माणसे होती. १९२१ साली २५.१३ कोटी. दहा वर्षांत संख्या घटली. एकट्या १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

५/ वाढीचा वेग आला तो १९२१ नंतर, आणि तोही जन्म वाढल्याने नव्हे. १९११-२१ मध्ये दर हजारी जन्म सुमारे ४८, मृत्यू सुमारे ४७. १९४१-५१ मध्ये जन्म ४० वर आले, मृत्यू २७ वर. माणसे अधिक जन्मली नाहीत, कमी मेली.

६/ माल्थसवादी म्हणतील, दुष्काळ हाच निसर्गाचा लगाम. मग १९७२ चे काय? देशाची लोकसंख्या १९२१ च्या दुपटीहून अधिक झाली होती. महाराष्ट्रात भीषण अवर्षण होते. तरीही १८७७ सारखे मृत्यूचे थैमान घडले नाही, कारण सरकारी कामांवर लाखो हातांना मजुरी मिळाली.

७/ लोकसंख्याशास्त्रज्ञ आज प्रत्येक वयोगटाचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांविषयी गृहीतके मांडून भविष्याचा अंदाज बांधतात. 'असे घडले, तर इतकी संख्या होईल', एवढेच ते सांगतात. गृहीतक बदलले की उत्तर बदलते. लिटनने मात्र गृहीतकालाच निसर्गनियम ठरवले.

८/ म्हणून दुष्काळाचे खापर कोणी माणसांच्या संख्येवर फोडले, तर त्याच्याकडे आधी निर्यातीचा आणि मजुरीचा हिशेब मागावा.