एबीएसचा दिवा विझवू नका, बिघाड शोधा

डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागला की काही गॅरेजमध्ये दिव्याचीच वायर तोडून गाडी परत दिली जाते. गिऱ्हाईक खूश, उस्तादही मोकळा. आम्हाला हा प्रकार मान्य नाही. दिवा विझला तरी बिघाड तसाच राहतो आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

साधा ब्रेक जोरात दाबला की चाक जागीच जाम होते, गाडी घसरते आणि स्टेअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग सांगत असतो. एखादे चाक जाम होऊ लागले की यंत्रणा त्याच्या ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा कमी-जास्त करते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते. घाबरून पाय उचलू नये, दाबूनच धरावा. मात्र सुट्या खडीवर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते, हे गिऱ्हाइकाला जरूर सांगावे.

१९७८ साली बॉशने बनवलेली ही यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या गाडीत आली. आज ती साध्या गाड्यांतही आहे, म्हणजे हे काम तुमच्या दारात येणारच. आणि दोष पुष्कळदा किरकोळ निघतो. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, वायर घासलेली असते किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलेले असते. नव्या बेअरिंगची एक गंमत आहे. पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटे बसले की गाडी बिनआवाज चालते, पण सेन्सरला काहीच कळत नाही. बसवण्यापूर्वी साधी टाचणी लावून बाजू ओळखावी.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. कोरडे डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळते, पाणी शोषलेले १४० अंशांनाही उकळू शकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, आणि तेही सीलबंद डब्यातले. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्लीडर निपल सैल करावा, नाहीतर घाण तेल एबीएसच्या महाग व्हॉल्व्हमध्ये जाते.

स्कॅनरला पैसे लागतात हे खरे. परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक घ्यावा आणि तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागलेला असेल, तर मात्र ती गाडी चालवत नेऊ देऊ नये.