ओपीडीच्या रांगेचा हिशेब मागूया

बिबवेवाडीच्या ईएसआय हॉस्पिटलात येणारा कामगार फुकट उपचार घेत नाही. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. दुकानांत, कारखान्यांत राबणारे आपले अनेक भाऊबहीण याच उत्पन्नगटातले. ओपीडीत सकाळ गेली की अनेकांची त्या दिवसाची मजुरीही जाते. मग दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून रांगेतला वेळ हा हक्काचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर बरेचसे संगणकातच असते. विमा महामंडळाची ‘धन्वंतरी’ ही प्रणाली नोंदणी, तपासणी, औषधे यांच्या नोंदी ठेवण्यासाठीच आहे. नोंदणी आणि तपासणी यांच्या वेळांतले अंतर म्हणजे रुग्णाने काढलेली रांग. तीन महिन्यांच्या नोंदी वार, तास आणि विभागानुसार मांडल्या, तर गर्दी नेमकी कुठे तुंबते ते कळेल. मग फेरतपासणीच्या रुग्णांना उशिराची वेळ देता येईल, किंवा औषधांची आणखी एक खिडकी उघडता येईल.

मात्र सरासरीवर समाधान मानू नये. नऊ जण २० मिनिटांत सुटले आणि दहावा चार तास बसला, तरी सरासरी ४२ मिनिटेच दिसते. दोन तासांहून जास्त कितीजण थांबले आणि केसपेपर काढून न तपासताच कितीजण परतले, हेही मोजायला हवे. आणि मोबाइलवर वेळ घेणाऱ्यांपायी खिडकीवरच्या वृद्ध खालांचा नंबर मागे जाता कामा नये.

इंग्लंडमध्ये १८ आठवड्यांच्या आत किती रुग्णांवर उपचार सुरू झाले, याचे आकडे दरमहा जाहीर होतात. ९२ टक्क्यांचे उद्दिष्ट तिथेही वर्षानुवर्षे चुकते आहे. आकड्यांनी रांग संपत नाही. पण ती नाकारताही येत नाही. २००६ च्या सच्चर अहवालाने आपल्याला हेच शिकवले: मागासलेपण आकड्यांत मांडले गेले, तेव्हा त्यावर बोलणे भाग पडले.

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. रुग्णांची नावे नकोत. फक्त विभागवार, तासवार नोंदणीची संख्या मागा. आकडे हाती आले की ते घेऊन अधीक्षकांना भेटा, सोबत सगळ्या जातिधर्मांचे कामगार न्या. रांग सगळ्यांची आहे, हिशेबही सगळ्यांनी मिळूनच मागायला हवा.