पंख्याचं बटण माझ्या हाताशी हवं

विहिरीतली मोटर वर घेताना पडलो आणि कमरेखालची ताकद गेली. त्याआधी पाथर्डी तालुक्यात वायरमनचं काम करायचो. आई होती तोवर तिने सांभाळलं. तिच्या माघारी नगरजवळच्या एका केंद्रात राहायला आलो. इथल्या मावशी रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलून देतात, म्हणून पाठीला जखमा झाल्या नाहीत. हे उपकार फिटणारे नाहीत. तरीही सांगतो, नुसत्या सेवेनं माणसाचा मान राखला जात नाही. त्याला विचारावंही लागतं.

खोलीतली बटणं उभ्या माणसाच्या खांद्याला होती. पहाटे गारठलो तरी पंखा बंद करायला कुणाला तरी हाक मारावी लागे. व्यवस्थापकांकडे वायर, केसिंग पट्टी आणि टेस्टर मागितला. मेन स्विच पाडून, खुर्चीत बसूनच बोर्ड खाली घेतला. शेजारचे आजोबा म्हणाले, "आमचाबी घ्या की खाली." आता इथले पंखे, मिक्सर माझ्याकडेच दुरुस्तीला येतात. सकाळी उठायला कारण मिळालं.

आपल्या जिल्ह्याला सेवा शिकवावी लागत नाही. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण महिलांना 'माउली' या संस्थेत हक्काचं घर दिलं. जिल्ह्याबाहेर, कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असताना १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली आणि अपंगांना शिक्षणाची, कामाची वाट दाखवली. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तर म्हणतो, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती आमच्यावर होऊ नये, यासाठी सरकारनं प्रयत्न करावा.

२०२४ च्या लोकसभेला ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना १२-ड अर्ज भरून राहत्या जागी मतदानाची सोय झाली. पथक माझ्या खाटेपाशी आलं. मत गुप्त, म्हणून बाकी सगळ्यांना बाहेर थांबवलं. माझ्या निर्णयासाठी दार लोटलं गेलं, असं कित्येक वर्षांत घडलं नव्हतं.

तोच मान रोजच्या जगण्यात हवा. अंघोळीची वेळ आम्हाला विचारून ठरवा. कुलूप लागेल असं एक कपाट द्या. तपासणीला येणाऱ्यांनी खाटा मोजाव्यात, तसंच व्यवस्थापकांना बाजूला ठेवून आमच्याशीही बोलावं. आणि वाढदिवसाला इथं जेवण देणाऱ्यांनी एखादं शिलाई मशीन, अवजारांची पेटीही द्यावी. पोट भरलेल्या माणसालाही उद्यासाठी काम लागतं.